ऑफिसचं नेट सारखं बसतंय? ‘डीडॉस झालाय’ म्हणण्याआधी काय तपासायचं

लक्षणं

- नेट पूर्ण जात नाही, पण काही उघडतही नाही. पिंग मारलं (पलीकडच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतंय का बघितलं) तर चारातली दोन पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) हरवतात, उरलेल्यांना ४००-५०० मिलिसेकंद लागतात.
- राउटर बंद-चालू केला की दोन-तीन मिनिटं सगळं छान, मग पुन्हा तेच.
- व्हीपीएन आणि रिमोट डेस्कटॉप सतत तुटतं. दुसऱ्या शाखेतून टॅलीला जोडलेली माणसं बाहेर फेकली जातात आणि पहिला फोन अकाउंट्सवाल्यांचाच येतो.
- राउटरचं लॉगिन पान उघडायलाच मिनिट लागतं, किंवा उघडतच नाही.
- ऑफिसातलं नेट ठणठणीत, पण कंपनीची वेबसाइट ५०३ किंवा ५०४ (सर्व्हर उत्तर देत नाही) दाखवते.
- त्रास अचानक सुरू होतो, पाच-दहा मिनिटं टिकतो आणि काहीही न करता थांबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांची नेटवर्क मी सांभाळतो. वर लिहिलेलं सांगून ‘आमच्यावर सायबर हल्ला झालाय’, म्हणजे डीडॉस (अनेक ठिकाणांहून एकदम मारा करून लाइन किंवा सर्व्हर गुदमरवणं), असा फोन येणं आता नेहमीचं झालंय. त्यातले बरेचसे हल्ले नसतातच. काही खरोखर असतात. आणि काहींमध्ये हल्ला तिसऱ्याच कुणावर चाललेला असतो, फक्त त्यात आपलाच राउटर सामील असतो. तिन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून लाखभराचा फायरवॉल मागवण्याआधी खालच्या क्रमाने जा. क्रम फुकटापासून खर्चाकडे जाणारा आहे, तो मोडू नका.

१. नेमकं कुठे अडतंय ते बघा

वायफायवरून नको. केबल लावलेल्या एका पीसीवर तीन खिडक्या उघडा आणि तीन पिंग सलग चालू ठेवा. पहिलं आपल्या राउटरला, म्हणजे बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१. दुसरं प्रोव्हायडरच्या गेटवेला, म्हणजे त्यांच्या बाजूच्या पहिल्या यंत्राला. हा पत्ता राउटरच्या वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) पानावर दिसतो. तिसरं ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. काही प्रोव्हायडरचे गेटवे पिंगला उत्तर देत नाहीत. तिथे ट्रेसर्ट (वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) चालवा आणि राउटरनंतर जो पहिला पत्ता उत्तर देईल तो धरा.

राउटरलाच पॅकेट गळत असतील तर भानगड घरातली आहे, किंवा राउटर स्वतः गुदमरलाय. राउटर स्वच्छ पण गेटवेला गळती, तर लाइन भरलेली आहे किंवा खराब आहे. दोन्ही स्वच्छ आणि फक्त तिसऱ्याला त्रास, तर अडचण प्रोव्हायडरच्या पलीकडे. तिन्ही स्वच्छ असतील आणि एखादीच साइट उघडत नसेल, तर ती साइटच बसली आहे. जीएसटीआर-३बी च्या २० तारखेला पोर्टल रखडलं म्हणून कुणी आपल्यावर हल्ला केलेला नसतो.

पुढची प्रत्येक पायरी या निकालावर ठरते. शिवाय प्रोव्हायडरच्या हेल्पडेस्कला ‘नेट चालत नाही’ सांगितलं तर ते राउटर रीस्टार्ट करा म्हणतात. ‘गेटवेलाच ३० टक्के पॅकेट लॉस आहे’ सांगितलं तर तक्रार पुढच्या माणसाकडे जाते.

२. स्विचसमोर जाऊन उभं राहा

राउटरमधून वॅनची केबल काढा. आता बाहेरून आत येण्याचा रस्ताच उरला नाही. तरीही राउटरचं पिंग गळतंय? मग हल्लेखोर परदेशात नाही, तुमच्याच मजल्यावर आहे.

स्विचचे दिवे बघा. एरवी ते आपापल्या लयीत लुकलुकतात. सगळेच्या सगळे एकदम, एकाच वेगाने, न थांबता फडफडत असतील तर तो लूप आहे. टेबलं हलवताना कुणाला तरी एक सुटी केबल दिसते, ती तो भिंतीतल्या रिकाम्या पोर्टात खोचतो, आणि तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचवर असतं. लॅनमधल्या ब्रॉडकास्ट पॅकेटला आयुष्याची मर्यादा नसते. ते गोल फिरत राहतं, प्रत्येक फेरीत वाढतं, आणि काही सेकंदांत स्विचला दुसरं काही करायला फुरसत उरत नाही. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती गुन्हेगार. मॅनेज्ड स्विच असेल तर त्यातलं स्पॅनिंग ट्री किंवा लूप प्रोटेक्शन चालू करून ठेवा.

इथेच दुसरी एक गोष्ट बघून घ्या. एखाद्या पीसीवर आयपीकॉन्फिग (त्या पीसीचे नेटवर्क पत्ते दाखवणारी कमांड) चालवा आणि गेटवेचा पत्ता आपल्या राउटरचाच आहे ना ते तपासा. कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून लॅनमध्ये लावला की तोही पत्ते वाटायला लागतो. अर्ध्या ऑफिसचं नेट चालतं, अर्ध्याचं नाही, आणि कोणतं अर्धं ते रोज बदलतं.

३. आपलाच माल लाइन भरतोय का

त्रासाच्या वेळा कागदावर लिहा. रोज संध्याकाळी साडेसहाला असेल तर तेव्हा सर्व्हरचा क्लाउड बॅकअप सुरू होतो का बघा. सोमवारी सकाळी असेल तर विंडोज अपडेट. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जात असेल तर दिवसभर. बॅकअप रात्री ढकला, कॅमेऱ्याला वेगमर्यादा लावा. यावर जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

४. रहदारीची दिशा बघा

ही तपासणी बहुतेक लोक करतच नाहीत, आणि सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात. राउटरवर वॅनचा ग्राफ उघडा. त्रास चालू असताना डाउनलोड भरलंय की अपलोड?

अपलोड भरलं असेल, तर तुमच्यावर हल्ला होत नाहीये. तुमच्या ऑफिसातून दुसऱ्यावर होतोय.

याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे जगाला उघडा पडलेला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा). स्थानिक प्रोव्हायडर सर्रास बसवतात त्या राउटरांमध्ये ‘अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स’ नावाचा एक पर्याय असतो. ऑफिसातल्या पीसींना राउटरकडून डीएनएस मिळावं म्हणून बसवणारा मुलगा तो चालू करतो. पण त्यासोबत बाहेरून येणारे प्रश्न अडवणारा नियम टाकत नाही. मग कुणीही, कुठूनही, तुमच्या राउटरला प्रश्न विचारू शकतं. हल्लेखोर प्रश्न पाठवताना पाठवणाऱ्याच्या जागी आपल्या सावजाचा पत्ता लिहितो. प्रश्न ६०-७० बाइटचा, उत्तर त्याच्या कित्येक पटींनी मोठं, आणि ते जातं सावजाकडे. असे हजारो राउटर एकदम वापरले की सावजाची लाइन भरते, आणि जाता जाता तुमचीही. याच युक्तीने २०१३ मध्ये स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेवर सेकंदाला ३०० गिगाबिटच्या घरातला मारा झाला होता.

खात्री करणं सोपं आहे. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा, म्हणजे तुम्ही ‘बाहेरचे’ झालात. एनएसलुकअप (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) चालवा, कुठल्याही साइटचं नाव द्या आणि सर्व्हर म्हणून ऑफिसचा पब्लिक आयपी (बाहेरून दिसणारा पत्ता) द्या. उत्तर आलं तर दार उघडं आहे. राउटरच्या लाइव्ह ट्रॅफिकमध्येही ते दिसतं: ओळीमागून ओळी, निघायचं ठिकाण तुमचा पब्लिक आयपी आणि पोर्ट ५३ (डीएनएसचा ठरलेला क्रमांक), जायचं ठिकाण एकच किंवा मोजकेच परके पत्ते.

तो पर्याय नुसता बंद करू नका, नाहीतर ऑफिसातले सगळे पीसी एकदम ‘सर्व्हर नॉट फाउंड’ म्हणायला लागतील. वॅनवरून आत येणारं पोर्ट ५३, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, ड्रॉप करणारा नियम टाका, आणि तो ‘सगळं येऊ द्या’ म्हणणाऱ्या नियमाच्या वर ठेवा. लाइन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) असेल तर नियम त्या पीपीपीओई इंटरफेसवर लावायचा, ज्या पोर्टात केबल जाते त्या पोर्टावर नाही. इथे भलेभले फसतात. नियम यादीत दिसतो, सगळे निर्धास्त होतात, आणि त्याचा काउंटर शून्यावरून हलत नाही. म्हणून नियम टाकल्यावर काउंटर वाढतोय का ते बघितल्याशिवाय उठू नका. बाहेरून प्रश्न येणं लगेच थांबणार नाही, कारण तुमचा पत्ता त्यांच्या यादीत असतो. पण उत्तरं थांबली की अपलोड मिनिटभरात मोकळं होतं.

तशीच उघडी राहणारी आणखी पोर्टं: एनटीपीचं (घड्याळ जुळवण्याचं) १२३, एसएनएमपीचं (यंत्रांवर नजर ठेवण्याचं) १६१, एसएसडीपीचं (लॅनमधली यंत्रं शोधण्याचं) १९००, आणि कुठे लिनक्स सर्व्हर असेल तर मेमकॅश्डचं (डेटा मेमरीत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं) ११२११. हे शेवटचं फार वाईट. २०१८ च्या फेब्रुवारीत गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला तो अशाच उघड्या मेमकॅश्ड सर्व्हरांमधून.

बाहेरून येणारं डीएनएस अडवूनही अपलोड भरलेलंच राहिलं तर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) बघा. कॅमेरेवाला मालकांच्या मोबाइलवर फुटेज दिसावं म्हणून पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून थेट आतल्या यंत्रापर्यंत वाट) करून जातो, पासवर्ड कारखान्यातला तसाच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने साठेक कारखानी युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या घेऊन इंटरनेटवर असे डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर शोधून काढले, आणि त्याच फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस कंपनीला पाडलं. ट्विटर, नेटफ्लिक्स अमेरिकेत काही तास बंद होतं. मिराईचा सोर्स कोड त्याआधीच उघड झाला होता, त्यामुळे त्याची पिल्लं आजही फिरतात.

डीव्हीआरची नेटवर्क केबल काढा. ग्राफ खाली आला तर सापडलं. डीव्हीआर नुसता बंद-चालू केला तरी मिराई मेमरीतून जातो, पण दार उघडंच असेल तर थोड्या वेळात परत येतो. आधी फॉरवर्ड काढा, राउटरचं यूपीएनपी (यंत्रांना आपोआप असे फॉरवर्ड उघडू देणारी सोय) बंद करा, मग फर्मवेअर आणि पासवर्ड बदला. फुटेज हवंच असेल तर व्हीपीएनमधून बघा. मालक कुरकुर करतात, पण करू द्या.

५. डाउनलोड भरलंय: आता हल्ल्याची शक्यता खरी

इथे दोन आकडे बघा: सेकंदाला बिट किती आणि सेकंदाला पॅकेट किती. लोक पहिलाच बघतात. १०० एमबीपीएसची लाइन सगळ्यात छोट्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला जवळजवळ १,४८,८०० पॅकेट होतात, आणि छोटा राउटर त्याच्या कितीतरी आधी आडवा पडतो. त्यामुळे लाइन २०-३० एमबीपीएसवरच, पण राउटरचा सीपीयू १०० टक्क्यांवर, असं दिसलं तर मारा पॅकेटांचा आहे. राउटरच्या लॉगमध्ये कनेक्शन ट्रॅकिंगचं टेबल (चालू जोडण्यांची नोंद) भरल्याच्या ओळी असतील. सर्व्हरवर नेटस्टॅट चालवलं तर ‘एसवायएन रिसिव्ह्ड’ (सिन, म्हणजे जोडणीची पहिली मागणी, आली पण जोडणी पूर्ण नाही) अवस्थेतल्या अर्धवट जोडण्यांची रांग लागलेली असेल.

या प्रकारावर घरच्या घरी बरंच काही करता येतं. सर्व्हरवर सिन कुकीज (अर्धवट जोडण्यांसाठी जागा अडवून न ठेवण्याची सोय) चालू आहेत ना बघा. ही युक्ती १९९६ पासूनची आहे आणि लिनक्समध्ये बहुधा चालूच असते. वॅनवरून येणारे नको असलेले पॅकेट कनेक्शन ट्रॅकिंगच्या आधीच, फायरवॉलच्या रॉ टेबलमध्ये टाकून द्या, म्हणजे प्रत्येकासाठी टेबलात जागा खर्च होत नाही. लागत नसलेले सगळे फॉरवर्ड काढा.

एकेक आयपी शोधून ब्लॉक करत बसू नका. यूडीपी आणि सिनच्या माऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटाच असतो. असे खोटे पत्ते निघतानाच अडवावेत अशी शिफारस २००० सालीच झालेली आहे, सगळे प्रोव्हायडर आजही ती पाळत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि वर खऱ्या ग्राहकाचा पत्ता ब्लॉक करून बसायचं, एवढंच त्यातून हाती लागतं. ‘अमुक देश ब्लॉक करा’ हा सल्लाही याच कारणाने कमी कामाचा आहे.

लाइनच पूर्ण भरली असेल, म्हणजे १०० च्या लाइनवर ग्राफ ९८ ला चिकटून सपाट झाला असेल, तर हात थांबवा. गल्लीच्या तोंडावर ट्रॅफिक जाम असताना दाराशी कितीही दांडगा वॉचमन ठेवला तरी पाहुणा आत येऊ शकत नाही. तुमचा फायरवॉल पॅकेट टाकून देतो तेव्हा ते लाइनवरून येऊन गेलेलं असतं. अशा वेळी महागडा फायरवॉल विकायला येणाऱ्याला एवढंच विचारा, की लाइन भरल्यावर हा नेमकं काय करणार?

साध्या ब्रॉडबँडवर एक फुकटचा उपाय करून बघण्यासारखा आहे. कनेक्शन तोडून पुन्हा जोडा, नवा पब्लिक आयपी मिळाला तर मारा जुन्यावरच पडत राहतो. तुमचं डायनॅमिक डीएनएसचं नाव असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर ते नाव हल्लेखोराला नवा पत्ता नेऊन देईल.

पाच-दहा मिनिटांचे तुकड्यातुकड्याने होणारे मारे बहुतेक भाड्याचे असतात. ‘बूटर’ म्हणवणाऱ्या साइटवर थोडक्या पैशांत असा मारा विकत मिळतो. अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरात अशा ४८ साइटची नावं जप्त केली, तरी धंदा संपलेला नाही. त्यामुळे ‘आमच्यासारख्या छोट्या कंपनीवर कोण कशाला हल्ला करेल’ या प्रश्नात फार दम नाही. काढून टाकलेला माणूस किंवा टेंडरमधला स्पर्धक एवढंही पुरतं.

६. फक्त वेबसाइट बसत असेल

लाइनही मोकळी, पॅकेटही बेताचे, पण सर्व्हरचा सीपीयू आणि डेटाबेस तापलेले. ॲक्सेस लॉग उघडा. एकाच पानावर, बहुधा शोध, लॉगिन किंवा ओटीपीच्या पानावर, मागण्यांचा सपाटा दिसेल. हल्लेखोर मुद्दाम तेच पान निवडतो ज्याला डेटाबेसपर्यंत जावं लागतं. इथे जोडणी पूर्ण झालेली असल्याने पत्ते खरे असतात, म्हणून इथे दर पत्त्यामागे मर्यादा लावणं उपयोगी पडतं. वेब सर्व्हर अद्ययावत ठेवा: २०२३ च्या ऑक्टोबरात उघड झालेल्या ‘रॅपिड रीसेट’ या एचटीटीपी/२ मधल्या खोटीतून गूगलकडे सेकंदाला ३९.८ कोटी मागण्या आल्या होत्या. जुना, पॅच नसलेला सर्व्हर त्या प्रकाराला थोडक्यात गार होतो.

साइट सीडीएनच्या (मधे उभं राहून साइटची रहदारी झेलणाऱ्या सेवेच्या) मागे घ्या. क्लाउडफ्लेअरच्या फुकट योजनेतही २०१७ पासून डीडॉसचं संरक्षण माऱ्याचं मोजमाप न लावता मिळतं, छोट्या कंपनीला ते पुरतं. पण एवढं करून काम संपत नाही. जुन्या डीएनएस नोंदीत, किंवा त्याच मशीनवर मेल असेल तर मेलच्या हेडरमध्ये, मूळ सर्व्हरचा पत्ता उघडाच राहतो आणि मारा थेट तिथे येतो. सर्व्हरचा आयपी बदला, मेल दुसरीकडे हलवा, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये फक्त सीडीएनच्या पत्त्यांनाच आत घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

लाइन भरली असेल तर प्रोव्हायडरच्या नेटवर्क विभागाला फोन, हेल्पडेस्कला नव्हे. सांगायचं ते एवढं: कोणता आयपी, कधीपासून, किती एमबीपीएस, यूडीपी की टीसीपी, कोणतं पोर्ट. ते बहुधा ‘ब्लॅकहोल’ करू का विचारतील. त्याचा अर्थ त्या आयपीकडे येणारं सगळंच, चांगलं-वाईट, ते त्यांच्या हद्दीत फेकून देणार. तो आयपी मेला, बाकीची लाइन जगली. म्हणून लीज्ड लाइनवर जास्तीचे आयपी असतील तर बाहेरून वापरायच्या सेवा एका आयपीवर आणि ऑफिसचं ब्राउझिंग दुसऱ्यावर ठेवा, आधीच. सगळं एकाच आयपीवर असेल तर ब्लॅकहोल म्हणजे हल्लेखोराचं काम प्रोव्हायडरने पूर्ण करणं. कधीकधी मार प्रोव्हायडरवरच असतो. २०१६ च्या जुलैत मुंबईतल्या इंटरनेट पुरवठादारांवर असा मारा झाला होता, तेव्हा ग्राहकाच्या हातात दुसऱ्या कंपनीची लाइन असण्यापलीकडे काही नव्हतं.

पुढच्या परिस्थितीत स्वतः काही करत बसू नका, सुरक्षेचं काम करणाऱ्या जाणकाराला बोलवा: मारा चालू असतानाच सर्व्हरवर अनोळखी लॉगिन दिसतं, स्वच्छ केलेलं यंत्र पुन्हा बाहेर मारा करायला लागतं, पैशांचे किंवा रुग्णांचे व्यवहार त्या सर्व्हरवर आहेत. माऱ्याच्या धुरळ्याआड डेटा काढून नेणं हा प्रकार होतो. लॉग पुसू नका, यंत्र फॉरमॅट करू नका.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डीडॉससकट यादीतल्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. हे कंपन्यांनाही लागू आहे, फक्त प्रोव्हायडरला नाही. पोलिसांत तक्रार करायची तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘बिटकॉइन पाठवा, नाहीतर पाडू’ असा मेल आला तर पैसे देऊ नका आणि उत्तरही देऊ नका. असे मेल पाठवणारे बरेचदा एखाद्या गाजलेल्या टोळीचं नाव लावतात आणि मारा करतच नाहीत. पैसे देणाऱ्याला मात्र पुन्हा गाठतात. मेल डिलीट करू नका, नुसता स्क्रीनशॉट काढून भागत नाही. मूळ मेल पूर्ण हेडरसकट फाइल म्हणून जतन करा आणि तक्रारीसोबत सायबर पोलीस ठाण्यात द्या.